काठ चिखलाचाच राहू द्या

रविवारी पहाटे आईला घेऊन नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठच्या जैवविविधता उद्यानातली गोल वाट चालून आलो. आईचं वय 71. अर्ध्यातून परत फिरू, असं ठरवून निघालो होतो, पण पाण्याच्या बाजूला पोचल्यावर ती म्हणाली, "आता मागे कायले जायचं? पुढूनही रस्ता घरीच जाते ना!" गोल वाटेची हीच तर मजा आहे. आल्या वाटेनं परतायचं नसतं, त्यामुळे शेवटच्या पावलापर्यंत नवं काहीतरी दिसत राहतं.

आमच्या चालीनं अडीच-तीन तास लागले. सुरुवातीचा भाग झाडीचा. पळस, तेंदू, मधूनच एखादा मोह, आणि जिथे तिथे माजलेली रायमुनिया. डिसेंबरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, पँटच्या पायात कुसळं. पायाखाली काळा, ठिसूळ खडक. दख्खनचा हा काळा पाषाण आपल्या नागपुरापाशी येऊन संपतो. शहराच्या पूर्वेला दगड वेगळा, मातीही वेगळी. पश्चिमेकडचा हा भाग उंच, म्हणून लावा गावाजवळच्या टेकड्यांवरून उतरणारं पाणी अंबाझरीत साठतं आणि पुढे नाग नदी होऊन शहरातून वाहतं. 1870 साली शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा तलाव. आज त्याचं पाणी कोणी पीत नाही, पण साडेसातशे हेक्टरच्या आसपासचं हे रान त्याच्या काठानंच टिकून आहे.

मला आज लिहायचंय ते झाडीबद्दल नाही. झाडांच्या बाजूनं बोलणारे या शहरात पुष्कळ आहेत आणि ते चांगलंच आहे. मला बोलायचंय चिखलाबद्दल.

वाट झाडीतून बाहेर पडते आणि तलावाची मागची बाजू सुरू होते. पावसाळ्यात इथे पाणी असतं. दिवाळीनंतर ते हळूहळू उतरतं आणि मागे ओल्या मातीचा पट्टा उघडा पडतो. लांबून पाहिलं तर घाण वाटावी असा. पण जरा खाली बसून पाहा. आम्ही बसलो. चिखलात शेकाट्या पक्ष्याची पावलं उमटली होती, तीन बोटांची, एकापुढे एक, जणू कोणी रांगोळीचे ठिपके टाकत गेलंय. त्यांच्या बाजूनं रोह्याचे, म्हणजे नीलगायीचे, खूर खोल रुतलेले. एका खुराच्या खड्ड्यात बोटभर पाणी साचलं होतं आणि त्यात लालसर, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. आईनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "हेच खायले येतेत का ते एवढ्या दुरून?"

हो, हेच खायला येतात. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या पक्ष्यांचं ताट म्हणजे हा चिखल. त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. तुतारी अगदी काठाशी ओल्या मातीत चोच खुपसते. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर वीतभर पाण्यात उभा. थापट्या बदक त्याच्याही आत, पसरट चोचीनं पाणी गाळत. टिबुकली खोल पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येते. काठ उतरता असला की या सगळ्यांना जागा मिळते. काठ सरळ उभा केला की फक्त बुडी मारणारे उरतात. पक्षी येतात त्याच महिन्यांत पाणीही उतरत असतं, ही वेळ किती अचूक जुळलेली आहे!

आणि आपण काय करतो? तलाव दिसला की सौंदर्यीकरण. गाळ काढला, काठाला दगडी पिचिंग केलं, म्हणजे दगड रचून तो बंद केला, वरून गट्टू लावले, रेलिंग, दिवे, एक सेल्फी पॉइंट. माझ्या लहानपणीच्या घराजवळ एक छोटा तलाव होता. त्यात शिंगाड्याची शेती व्हायची. ऑगस्टमध्ये शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्षी चालायचे. बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. मादी अंडी घालून निघून जाते, नर ती उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. हे मला पुस्तकातून नाही कळलं. शिंगाडे काढणाऱ्या एका ढिवर काकांनी डोंग्यातून बोट करून दाखवलं होतं, "पाय, तो बाप हाये."

काही वर्षांपूर्वी त्या तलावाला चारही बाजूंनी दगड लागला. उद्घाटनाला मीही टाळ्या वाजवल्या होत्या, कारण तेव्हा मला सुंदर म्हणजे स्वच्छ आणि सरळ एवढंच माहीत होतं. दोन पावसाळ्यांनंतर गेलो तर पाणी होतं, दिवे होते, शिंगाडा नव्हता. काठावर एकही पक्षी उभा नव्हता. काका भेटले. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, पाणी उतरलं का पाखरं येतेत. त्याइले उतराले जागाच नाही ठेवली, तं कुठं उतरतीन?" त्या दिवसापासून पिचिंगचा दगड पाहिला की मला वाईट वाटतं. खरंच वाईट वाटतं.

अंबाझरीच्या वाटेवर भेटणारे काही जण म्हणतात की इथेही पक्का रस्ता हवा, म्हाताऱ्या माणसांनी खडकांतून कसं चालायचं? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. माझी स्वतःची आई दोनदा अडखळली. म्हणून माझं म्हणणं असं आहे: झाडीतल्या भागात मुरूम दाबून सपाट वाट करा, मध्ये बसायला दोन-तीन ठिकाणी दगडी ओटे करा, जरूर करा. मुरमात पाणी जिरतं आणि पायही घसरत नाही. पण पाण्याच्या बाजूला वाट काठापासून मागेच ठेवा, थेट चिखलात नेऊ नका. लोकांना पाहायला एक मचाण बांधा, तेवढं पुरे. उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्यांसाठी वाटेचा तेवढा तुकडा बंद ठेवला, तर आपलं काय बिघडतं?

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि खालच्या लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं. माझ्या मावशीच्या घरातला फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता. त्या पुराला कारणं अनेक होती, मी त्यातला जाणकार नाही. पण पाण्याला पसरायला मोकळी, ओली जागा लागते, एवढं त्या दिवशी घराघरात कळलं. असा दलदलीचा पट्टा पुराचं थोडं पाणी धरून ठेवतो, आणि त्यातलं पाणकणीस सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद शोषतं. तेच नत्र-स्फुरद मोकळं तलावात गेलं की त्यावर जलपर्णी पोसते आणि मग ती काढायला यंत्रं आणावी लागतात.

जे चालायला जाता त्यांना हात जोडून विनंती: ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. कुत्रा आणू नका. फोटोसाठी चिखलात उतरू नका, तुमच्या एका फेरीनं थवा उठतो आणि अर्धा तास परत बसत नाही. आम्ही बसलो होतो तिथून दोन तरुण कॅमेरा घेऊन थेट आत गेले. सगळे शेकाटे ओरडत उडाले. मी काही म्हणायच्या आधीच आई उठली आणि त्यांना म्हणाली, "बाळांनो, जेवत होते ना ते." पोरं चांगली होती. निमूट परत आली आणि आमच्या शेजारी येऊन बसली. वीस-पंचवीस मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग एक शेकाट्या आला, पाय खाली सोडून, अलगद. त्याच्यामागून दुसरा.