अथक पाठपुराव्याने

कल्याण-डोंबिवलीत घर घेऊन आपण नुकतेच राहायला आला असाल, तर सामान लावण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या शहरात महापालिका काही करत नाही. जे काही होते ते कोणाच्या तरी अथक पाठपुराव्याने होते. गटारावर झाकण बसले, चौकात हायमास्टचा दिवा लागला, रिक्षाथांब्यामागे सिमेंटचा बाक आला, की शेजारी त्या पाठपुराव्याचा फलक येतो. पुष्कळदा फलक आधी येतो आणि बाक मागाहून. आपण भरलेल्या मालमत्ता कराचा या बाकाशी काही संबंध असावा, असा विचार मनात डोकावलाच तर तो तत्काळ झटकून टाकावा. टेकून बसताना पाठीला ज्यांचे कोरीव नाव टोचते त्यांच्याच कृपेने आपण बसलो आहोत, अशी भावना ठेवली म्हणजे बसणे सुखाचे होते.

शहराचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर महापालिकेचा अर्थसंकल्प वाचण्याच्या फंदात पडू नये. फ्लेक्स वाचायला शिकावे. फ्लेक्सच्या माथ्यावर वरिष्ठ नेत्यांची छोटी गोल छायाचित्रे एका ओळीत असतात. यंदा त्यांतले कोण गळाले आणि कोण नव्याने आले, एवढे पाहिले की राज्याच्या राजकारणाचा अभ्यास पुरा होतो. मध्यभागी कानाला मोबाइल लावलेले किंवा हात जोडलेले साहेब उभे असतात. खाली शुभेच्छुकांची दाटी असते. तिच्यात गॉगल लावलेला एक मुलगा हमखास असतो आणि त्याच्या नावाआधी ‘भावी नगरसेवक’ असे लिहिलेले असते. त्याचा चेहरा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढेमागे आपल्या नळाला पाणी येणे न येणे त्याच्या मर्जीवर राहील. फ्लेक्सचा बांबू वाहतूक सिग्नलच्या खांबाला बांधल्यामुळे सिग्नल दिसत नसेल, तर कुरकुर करू नये. लाल आहे की हिरवा, हे मागच्या रिक्षावाल्याच्या भोंग्यावरून समजतेच. सार्वजनिक जागा विद्रूप करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद असलेला कायदा १९९५ पासून राज्यात आहे, अशी माहिती एखादा चौकस शेजारी आपल्याला देईल. त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा. फ्लेक्सवर गुन्हेगाराचे नाव, छायाचित्र आणि बहुधा दूरध्वनी क्रमांकही ठळक छापलेला असताना त्याचा शोध लागत नाही, यावरून तपासाचे काम किती अवघड असते याची कल्पना यावी.

आपल्याला लोकप्रतिनिधी हवेतच कशाला, हा प्रश्नही या शहराने स्वतःवर प्रयोग करून सोडवलेला आहे. २०१५ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये लिहिलेले आहे. पण आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, अशी एकाहून एक भक्कम कारणे रांगेत उभी असताना घटनेला थोडे थांबावे लागले, तर तिनेही समजून घ्यायला हवे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली, आणि तीही मुदतवाढ घेऊनच. मधल्या पाच वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडायचा, प्रशासकांनी तो मंजूर करायचा, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती असल्यामुळे मतभेदाचा प्रश्नच उरला नाही. सभात्याग नाही, राजदंड पळवणे नाही, लक्षवेधी सूचना तर नाहीच. ज्यांना या पाच वर्षांत नगरसेवक नसल्याचे जाणवलेच नाही, अशा नागरिकांना मी आदर्श मानतो. आणि फलक पाहता, नगरसेवकांनाही ते जाणवले नसावे.

आता १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन १२२ सदस्यांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. काही जागांवर तर मतदानाआधीच बिनविरोध निवड झाल्यामुळे तेथील मतदारांचे श्रम वाचले, ही त्यांच्यावरील मेहेरबानी विसरता कामा नये. बहुसदस्यीय पद्धतीमुळे आपल्या प्रभागाला एक सोडून बहुधा चार नगरसेवक लाभलेले आहेत. या व्यवस्थेचा उपयोग करून घ्यायला शिकावे लागते. गटार तुंबले की पहिल्याकडे जावे. ते म्हणतील की आपली गल्ली दुसऱ्यांनी वाटून घेतली आहे. दुसरे म्हणतील की निधी तिसऱ्यांनी वळवला. तिसरे लग्नाला बाहेरगावी असतील, आणि चौथ्यांचे यजमान, जे स्वतः नगरसेवक नसूनही प्रत्यक्षात तेच नगरसेवक आहेत, आपले म्हणणे अत्यंत आपुलकीने ऐकून घेतील. इतके होईपर्यंत पाऊस थांबलेला असतो.

रस्त्यांबाबत मात्र थोडा अभ्यास करणे भाग आहे. खड्ड्यात पडण्यापूर्वी तो खड्डा कोणाचा हे विचारून घ्यावे. काही रस्ते महापालिकेचे आहेत, काही एमआयडीसीचे, काही एमएमआरडीएचे, काही रस्ते विकास महामंडळाचे, आणि रुळांच्या आसपास रेल्वेचा अंमल सुरू होतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिलेला आहे. तेव्हा पडायचेच असेल तर हद्दीच्या रेषेवर पडू नये, नाहीतर शेवटचा पाय कोणाच्या क्षेत्रात होता याची संयुक्त पाहणी होईल आणि तोवर आपले प्लास्टर निघालेले असेल.

पुलांकडे पाहताना तर मनाची तयारी संतांसारखी असावी. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. शिळफाटा रस्त्यावरच्या पलावा पुलाने मात्र वेगाचा आदर्श घालून दिला: अनेक वर्षे रेंगाळलेला हा पूल ४ जुलै २०२५ रोजी उद्घाटन होऊन सुरू झाला आणि दुचाक्या घसरू लागल्याने त्याच दिवशी बंदही झाला. उद्घाटन चुकले म्हणून हळहळू नये. येथे एका पुलाची उद्घाटने अनेकदा होऊ शकतात, आणि श्रेय घेणारे त्याहून अधिक असल्यामुळे एखादे आपल्या वाट्याला येतेच.

आपले घर २७ गावांपैकी एखाद्यात असेल, तर रोज सकाळी आपण कोणत्या शहरात राहतो याची खात्री करून घेण्याची सवय लावावी. ही गावे १९८३ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा आत होती, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत आली, २०२० साली त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढली गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पाणी या सर्व काळात सारखेच आले, म्हणजे सारखेच कमी आले.

कराच्या बाबतीत माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे: वेळेवर भरू नका. देयक आले की लगेच ऑनलाइन रक्कम भरून टाकणारी माणसे प्रशासनाची फार पंचाईत करतात. थकबाकी साचू द्यावी, तिच्यावर व्याज चढू द्यावे, आणि यथावकाश ‘अभय योजना’ जाहीर होण्याची वाट पाहावी. व्याजात ७५ टक्क्यांपर्यंत सूट देणाऱ्या अशा योजना या महापालिकेने राबवल्या आहेत. ज्याने वेळेवर कर भरला त्याला अभय कशाचे द्यायचे, हे प्रशासनालाही कळत नाही. त्यामुळे या योजनेतले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही.

घराच्या कागदपत्रांविषयी मात्र मला थट्टा करवत नाही, तरीही सल्ला देतो. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या. महापालिकेच्या नावाने खोटे कागद तयार झाले, त्यांच्या आधारे महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळाला, तो पाहून बँकांनी कर्जे दिली, लोकांनी घरे घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. यात कागद करणाऱ्याचे कसब होतेच, पण त्याहून मोठे कसब बांधणाऱ्याचे. भर वस्तीत पाया खणला जातो, काँक्रीटचे मिक्सर रात्रभर घरघरतात, स्लॅबवर स्लॅब चढतो, आणि प्रभाग कार्यालयाच्या खिडकीतून हे काही म्हणजे काही दिसत नाही. आपल्या सोसायटीने गॅलरीला पत्रा लावला की त्याच खिडकीतून तो तिसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून घर घेताना नकाशा, सातबारा, बांधकाम परवानगी, महारेराचा क्रमांक, बँकेची मंजुरी हे सारे तपासावेच; पण ज्यांनी हे सारे तपासले होते ते आज हप्ता भरत न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

तक्रार करण्याची हौस असेल तर ती ऑनलाइन भागवावी. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, क्रमांकामागोमाग संदेश येतो, आणि एके दिवशी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असे कळते. खिडकीतून खाली पाहिल्यास कचऱ्याचा ढीग तेथेच असतो. त्याबद्दल नाराज होऊ नये, कारण ढीग काढला असे कोणीही म्हटलेले नाही. तक्रार काढली एवढेच म्हटले आहे.

या शहरातले लोक सरकारी परवानगीची वाट न पाहता एकत्र येतात आणि काही उभे करतात, असा गैरसमज आपला गुढीपाडव्याला होण्याचा संभव आहे. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. ती सुरू करण्यासाठी कोणा साहेबांच्या पाठपुराव्याची गरज पडली नव्हती. ही उणीव आता भरून काढण्यात आली आहे. यात्रेच्या मार्गावर स्वागतकमानी, सरबताची टेबले आणि त्यांवर छायाचित्रे इतकी असतात की पारंपरिक वेशात चालणाऱ्या मुलींना आपण कोणाच्या सौजन्याने नऊवारी नेसलो आहोत, हे वाचत वाचत पुढे जाता येते.

शेवटी एका धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. २००९ सालापासून आपल्या राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभा नावाची एक तरतूद आहे. त्या भागातील मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सदस्य, नगरसेवक अध्यक्ष, आणि आपल्या भागात कोणते काम आधी व्हावे हे तेथे बसून लोकांनी सुचवायचे. प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीन प्रतिनिधी घेण्याचीही सोय आहे. हे कोणालाही सांगू नये. आपल्या शेजाऱ्यांपैकी कोणी कधी क्षेत्रसभेला जाऊन आल्याचे ऐकिवात नाही, यावरून हे गुपित आतापर्यंत किती चोख सांभाळले गेले आहे ते कळेल. तरीही अंगात कंड असेलच, तर आपल्या चारही नगरसेवकांना ‘क्षेत्रसभा केव्हा बोलावता?’ असे पत्र देऊन पोच घ्यावी आणि पोचेवरचा शिक्का वाचता येतो ना हे जागच्या जागी पाहून घ्यावे. महिनाभरात एखाद्या रविवारी संध्याकाळी सोसायटीमागच्या मैदानावर मांडव पडेल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागतील, माइकवर कोणी तरी हॅलो हॅलो करू लागेल. आपण उत्साहाने पाण्याच्या दाबाचा तक्ता घेऊन खाली उतराल, तेव्हा तेथे ‘खेळ पैठणीचा’ सुरू झालेला असेल. तक्ता घडी करून खिशात ठेवावा आणि जागा धरावी. तिसऱ्या रांगेच्या मागे बसणाऱ्यांना अल्पोपाहाराचा पुडा मिळेलच याची खात्री नसते.