पंचनामो खंय आसा, बाई?

चौथीतला एक पोरगा फळ्यावर लिहिताना माझ्या पाठीवर लेझरचा लाल ठिपका नाचवत होता. टॉर्च काढून घेतला, कपाटात टाकला. शाळा सुटताना देणारच होते. पण मधल्या सुट्टीतच त्याचे आजोबा दारात. गोव्यातल्या डिचोलीकडच्या गावचे, ग्रामपंचायतीचे माजी पंच. काखेत प्लास्टिकची फाईल. ती फाईल बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

"वस्तू जप्त केली म्हणता. पंचनामो खंय आसा, बाई?"

मला थट्टा वाटली. ती नव्हती.

"पंचनामा नाही, तर ती चोरी. कलम तीनशे एकोणऐंशी."

"आजोबा, दंड संहिता 1 जुलै 2024 ला गेली. आता न्याय संहिता. चोरी कलम 303 मध्ये." शिक्षकांच्या ग्रुपवरचे सगळे फॉरवर्ड वाया जात नाहीत.

आजोबांनी क्षणभर विचार केला. "प्रकार कधीचा?"

"आज सकाळचा."

"मग नवं लावा. माझी हरकत नाही."

आणि माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच पेनाने ते लिहू लागले. 'रंग काळा, लांबी अंदाजे तीन इंच, चालू स्थितीत.' चालू आहे हे दाखवा म्हणाले. मी दाखवलं. ठिपका छताच्या पंख्यावर गेला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. पंचनाम्याचे साक्षीदार म्हणून शिपाई आणि बचतगटाची पाव-भाजी घेऊन आलेली बाई. ती सही करताना तीनदा विचारत होती, "म्हाका कोर्टांत आपयतले काय?" मला कोर्टात बोलावतील का? तिच्या बोटाचा रस्सा कागदाला लागला. त्याभोवती आजोबांनी गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'डाग, भाजीचा.'

मुख्याध्यापक दारातून हे सगळं बघत होते. काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "शिक्षकाला कायदा माहीत हवा हो, बाई."

हे मात्र झोंबलं. कुठून माहीत हवा? डी.एड.ला आम्हाला फळा पुसायची दिशासुद्धा शिकवली, कायदा नाही. आणि गरज कशाकशाची? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: मारायचं नाही, मानसिक छळही नाही. बरोबरच आहे. पॉक्सोची कलमं 19 आणि 21: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि कळवलं नाही, तर आपल्यालाच तुरुंग होऊ शकतो. वर गोव्याचा स्वतःचा बाल कायदा आहे, 2003 चा. एवढं ओझं, आणि प्रशिक्षण म्हणजे अर्धा दिवस कुणीतरी पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवतो, मग समोसा. शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नका, असं कलम 27 म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून. सोडलेल्यातच माझी मे महिन्याची सुट्टी जाते. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. फाटकासमोरच्या गाड्यावर पुड्यांच्या माळा लोंबतात. तिथे पंचनामा करायला कुणी माजी पंच फिरकत नाही.

टॉर्च ताब्यात मिळाल्याची सही करून आजोबा उठले, पुन्हा बसले. आवाज खाली आला. फाईल उघडली. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराचं प्रकरण, मामलेदाराकडे अर्ज द्यायचा होता.

"1975 चा कायदा. तुम्ही शिकलेल्या. जरा लिहून द्या."

दिला लिहून. चांगला दीड पान, सुवाच्य अक्षरात. त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला आणि मान हलवली.

"कलमां कमी पडल्यांत, बाई."