‘एकच मोठा सर्व्हर घ्या आणि निर्धास्त व्हा’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

बडोद्यातल्या मराठी उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक सल्ला फिरतो आहे. मध्यम कारखान्याने 64 जीबी रॅमचा एक सर्व्हर घ्यावा, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवून बिलिंग, हजेरी-पगार, स्टोअर आणि रिपोर्ट ही सगळी अ‍ॅप्लिकेशन्स एकत्र ठेवावीत, शेअर्ड बफर्सना (डेटाबेसच्या स्वतःच्या कॅशला, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवण्याच्या जागेला) 80 टक्के रॅम द्यावी, एका वेळी डेटाबेसला जोडता येणाऱ्या कनेक्शन्सची मर्यादा 500 आणि वर्क मेम (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, चालवताना वापरायची मेमरी) 256 एमबी करावे. शिवाय डिस्क रेडमध्ये (डेटा एकाहून अधिक डिस्कवर जपण्याच्या रचनेत) असल्या की बॅकअपची चिंता उरत नाही, असा त्याचा आशय आहे. मकरपुऱ्यातल्या कारखान्यांचे डेटाबेस सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, आणि माझ्या दोन ग्राहकांनी हा सल्ला वाचून सेटिंग बदलूनही टाकल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग पडले.

एकाच मशीनला माझा विरोध नाही. शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्याला ते बहुधा पुरते, आणि त्यात वीज, यूपीएस व देखभाल वाचते. फक्त त्याचा आकार ठरवताना रॅमच्या आकड्याआधी घड्याळ आणि कॅलेंडर पाहावे. शिफ्ट बदलताना पंचिंगची झुंबड उडते, 11 आणि 20 तारखेच्या आधी जीएसटीच्या विवरणांसाठी बिलिंगवर ताण येतो, महिनाअखेरीस पगार निघतो आणि नेमक्या त्याच संध्याकाळी साहेबांना वर्षभराच्या विक्रीचा रिपोर्ट हवा असतो. यांतली कोणती कामे एकाच वेळी येतात, हे कागदावर मांडल्याशिवाय मशीनचे कोटेशन मागवण्यात अर्थ नाही.

80 टक्क्यांचा आकडा आला कुठून, हे ओळखणे कठीण नाही. तो मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी बफर पूल या कॅशसाठी, तोही केवळ डेटाबेसला वाहिलेल्या सर्व्हरवर, सांगितला जातो. पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही विसंबून असतो. त्याच्या अधिकृत दस्तऐवजात सुरुवातीला 25 टक्के द्यावेत आणि 40 टक्क्यांच्या पुढे फायदा होण्याची शक्यता कमी, असे म्हटले आहे. एकाचे औषध दुसऱ्याला पाजण्याचाच हा प्रकार आहे.

खरा घोटाळा कनेक्शन्स आणि वर्क मेमच्या जोडीत आहे. वर्क मेम ही प्रत्येक कनेक्शनला मिळणारी ठरावीक शिधा नव्हे; एका क्वेरीत जितके सॉर्ट आणि हॅश (क्रम लावण्याची आणि जुळवणीची कामे) असतील, त्यांतला प्रत्येक जण तेवढी मेमरी स्वतंत्रपणे मागू शकतो. मर्यादेतली 500 सोडा, 100 कनेक्शन्सनी प्रत्येकी दोन सॉर्ट केले तरी 256 एमबीच्या हिशेबाने 50 जीबी होतात. शेअर्ड बफर्सचे 51 जीबी त्यात मिळवले, तर 64 जीबीच्या मशीनवर 101 जीबीची मागणी उभी राहते. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतो, आणि अशा रीतीने एक प्रोसेस मेली की पोस्टग्रेस खबरदारी म्हणून बाकी सगळी कनेक्शन्स तोडून नव्याने सावरतो. म्हणजे रिपोर्ट चुकतो एकाचा आणि गेटवर चलन अडते दुसऱ्याचे. त्याऐवजी कनेक्शन्सची मर्यादा मूळच्या 100 च्या आसपास ठेवून पुढे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) लावावा, आणि वर्क मेम सरसकट न वाढवता यूझरनिहाय द्यावे: बिलिंगला मूळचे 4 एमबी चालतात, रिपोर्टच्या यूझरला 64 एमबी द्यावेत, पण कनेक्शन्स पाचच आणि क्वेरीला वेळेची मर्यादा घालून.

आता बॅकअप. मागे एका कारखान्यात सकाळी 11.40 ला कोणीतरी दरपत्रकाच्या टेबलवर ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लिहिता अपडेट चालवला आणि सगळ्या मालाचा दर एकच झाला. रेडने ती चूक दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने लिहिली, कारण त्याचे काम डिस्क बिघडली तर निभावून नेण्याचे आहे, माणसाची चूक उलटवण्याचे नाही. सुदैवाने वॉल फाइल्स (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) साठवण्याची सोय आम्ही चालू केली होती; ती मुळात बंद असते. तरीही संध्याकाळ झाली, कारण पोस्टग्रेसमध्ये ठरावीक क्षणापर्यंत मागे जायचे तर अख्खा क्लस्टर (एकाच पोस्टग्रेसखाली चालणारे सगळे डेटाबेस) मागे जातो, एकटा डेटाबेस नाही. हजेरी आणि स्टोअरच्या दुपारनंतरच्या नोंदी गमावायच्या नसल्याने दुसरीकडे संपूर्ण क्लस्टर 11.39 पर्यंत उभा करून त्यातून ते एकच टेबल काढावे लागले, आणि त्यासाठी लागणारी मोकळी जागा कोणी योजलीच नव्हती. सगळे एकत्र ठेवण्याची ही किंमत त्या सल्ल्यात कुठेच धरलेली नाही.

बॅकअपची डिस्क त्याच रॅकमध्ये ठेवणाऱ्यांना बडोद्यात तरी वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी कुठवर आले होते, ते आपण पाहिले आहे. शिवाय कंपनी असेल आणि हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक असतील, तर 2022 च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप दररोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे.

त्या कारखान्यात मशीन अजूनही एकच आहे. बिलिंगचा क्लस्टर मात्र 5433 पोर्टवर वेगळा चालतो, त्याची प्रत रोज रात्री शहराबाहेर जाते, आणि दर तिमाहीला एका रविवारी ती प्रत रिकाम्या मशीनवर चढवून दरपत्रक उघडते का, ते स्टोअरचा माणूस स्वतः पाहतो.