सुभेदार साहेबांना 'आजोबा, आराम करा' म्हणू नका

सातारा भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते मी, अकरा वर्षं झाली, आणि आमच्याकडं घर तिथं फौजी, त्यामुळं माझे बरेचसे पेशंट रिटायर्ड सैनिकच.

मागच्या पावसाळ्यात मराठा लाइट इन्फंट्रीतल्या एका सुभेदार साहेबांकडं जायला लागले. ७१ ची लढाई बघितलेला माणूस, वय ७५ च्या पुढं, दोन्ही गुडघे बदललेले. हॉस्पिटलनं डिस्चार्ज देताना व्यायामाच्या चित्रांचा एक कागद हातात दिला, समजावून कुणीच सांगितलं नाही, त्यामुळं तीन आठवड्यांनी मी गेले तेव्हा उजवा गुडघा जेमतेम ७० अंश वाकत होता आणि खुर्चीतून नीट उठायला तरी ९० लागतात. घरचे मायेचे फार, पाणी हातात, ताट कॉटवर, उठायचं म्हणलं की नातू काखेत हात घालून उचलणार. मीपण "आजोबा, पाचच वेळा करा ना" अशी लाडीगोडी लावत होते आणि ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. आठवडा वाया गेला.

मग एकदा सून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होती तेव्हा हळूच म्हणाले, "बुटाची लेससुद्धा बांधता येईना आता." मी म्हणलं, "साहेब, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत बूट घालून जायचं, लेस तुमची तुम्ही बांधायची." पोरगा म्हणाला, आता ते मोबाईलवर चेहरा दाखवून घरीच होतं. साहेब म्हणाले, "मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगणार."

त्या दिवसापासून 'आजोबा' बंद, 'व्यायाम' हा शब्दपण बंद, सकाळी ६ ला पीटी. खिडकीचे गज धरून जागच्या जागी कदम ताल, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच आकडे मोजेपर्यंत दाबायचं, आणि सगळं डायरीत स्वतःच्या हातानं लिहायचं. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं मला उस्ताद म्हणायला लागले.

पण एक सांगते, फौजी माणूस दुखणं लपवतो. एका सकाळी गुडघा सुजून गरम झालेला, रात्री गुपचूप डबल केलं होतं त्यांनी. तेव्हापासून डायरीत दुखण्याचा आकडापण लिहायला लावला, ० ते १०, आणि स्पष्ट सांगितलं की साहेब, दुखत असताना शून्य लिहिलं तर तो खोटा रिपोर्ट. हे त्यांना लगेच पटलं.

लोक अशा वेळी मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. आपल्या सांगलीचे, ६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड. ऊर भरून येतो खरंच. पण ७५ वर्षांच्या माणसाला रोज सकाळी ते ऐकवलं की त्याला आपलं चार पावलं चालणं अजूनच फालतू वाटतं. त्याला संडासला एकट्यानं जायचं असतं हो, तेच त्याचं मेडल समजा आणि तेवढंच मागा त्याच्याकडं. आणि घरच्यांनो, हात पुढं करायच्या आधी दहा आकडे मोजा, बऱ्याचदा सातव्यालाच माणूस उठलेला असतो.

नोव्हेंबरात उजवा गुडघा १०५ वर आला. उजव्या बुटाची लेस बांधली, डावीला पाय स्टुलावर ठेवायला लागला, चार मिनिटं गेली, सून तोंडाला पदर लावून उभी होती पण जागची हलली नाही. बँकेच्या पाच पायऱ्या काठी टेकत स्वतः चढले. आता म्हणतात फौजी कॅन्टीनलापण सामान आणायला मीच जाणार.