सतरा किलोमीटर शिल्लक असताना: 'जुना पोहणारा' यांना उत्तर

काका,

(तुमचं नाव मला माहीत नाही, प्रतिक्रियेखाली 'जुना पोहणारा' एवढंच आहे. पण १९८४ साली मुंबईच्या समुद्रात संकरॉक ते गेटवे पोहल्याचं तुम्ही लिहिलंय आणि तेव्हा मी तीन वर्षांची होते. म्हणून काका. चालेल ना?)

खरं सांगायचं तर तुमची प्रतिक्रिया वाचून आधी डोकंच फिरलं. उत्तर लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे, पण त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर यात कुठाय?" म्हणून ते पुसलं आणि आता सावकाश लिहितेय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २७ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यात हाफ आयर्नमॅन झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं. ऑगस्टच्या शेवटी मला डेंग्यू झाला आणि तयारीचा बोऱ्या वाजला. तरी मी मिरामारच्या वाळूत उभी राहिले, पोहून झालं, सायकल झाली आणि धावताना चौथ्या किलोमीटरला शर्यत सोडली. निकालात नावापुढे 'डीएनएफ', म्हणजे 'डिड नॉट फिनिश', शर्यत पुरी केली नाही.

त्यावर काकांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पाच आठवड्यांच्या तयारीवर अशा शर्यतीला उतरणं बेजबाबदारपणाचं. आपण पडलो की धावपळ स्वयंसेवकांची आणि डॉक्टरांची होते. दोन, एकदा उतरलात तर मग सोडायची कशाला? "तीन तास हातात होते आणि सतराच किलोमीटर. चालत गेला असतात तरी मेडल मिळालं असतं. 'शरीराचं ऐका' हे आळसाचं सभ्य नाव आहे." तीन, हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. आणि चार, फोटोवरून दिसतंय की तुमचा डावा हात पाण्यात आडवा जातो.

तिसऱ्याचं आधी उरकते. हो, आहे. एंट्री फी माझ्या पहिल्या सायकलीपेक्षा जास्त होती. वर गोव्याचं राहणं, सायकल नेण्याची दगदग आणि गाडीच्या कॅरियरचं भाडं. त्याचं समर्थन करत नाही. ज्यांना खेळच करून बघायचाय त्यांनी स्प्रिंट अंतराची शर्यत करावी. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. साधी सायकलही चालते. मी सुरुवात तशीच केली होती, बास्केट काढून टाकलेल्या सायकलवर.

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. इथे तुमचं बरोबर आहे, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे, कारण मागच्या लेखात मी एक गोष्ट गाळली होती.

गोव्याची शर्यत पावसाळा संपता संपता येते. म्हणजे पुण्यात राहणाऱ्याची सगळी मुख्य तयारी जून ते सप्टेंबरमध्ये. बोपदेव घाटात पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं, म्हणून लाँग राईड घरातच, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर. आमची बाल्कनी तीन फुटी आहे. सायकलीचं मागचं चाक काढून ती ट्रेनरवर लावली की पुढचं चाक तुळशीच्या कुंडीला टेकतं. तीन तास जागच्या जागी पेडल मारायचं. खाली घामाचं तळं साचतं, त्यासाठी जुनी सतरंजी. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, "रविवारी पहाटे पाचला काय दळता गं?" आणि याच चार महिन्यांत डेंग्यूचे डासही असतात. तयारीचा शिखरकाळ आणि आजारपणाचा शिखरकाळ एकच. हे कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं, कारण ते प्लॅन पाऊस न पडणाऱ्या गावांसाठी बनवलेले असतात.

२० ऑगस्टला ताप आला, २६ ला उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की प्लेटलेट्स वर येईपर्यंत काही नाही, आणि अंग दुखलं तरी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका असतो. गोळ्यांचं मी ऐकलं. 'काही नाही' हे मात्र अर्धवट ऐकलं. ४ सप्टेंबरला, ताप उतरून नववा दिवस, घरी कोणी नव्हतं. बाल्कनीत जाऊन दीड तास ट्रेनर मारला. हलकाच. गणपती येण्याआधी 'एक तरी सेशन' टाकायचं होतं म्हणून. संध्याकाळी भांडी लावताना हातातलं पातेलं निसटलं आणि मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. पुढचे दोन आठवडे जिन्याचा एक मजला चढला की धाप लागायची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी माझा हार्ट रेट एरवी ५४-५५ असतो, तो ७०च्या खाली यायला तयार नव्हता. पाहुणे आरतीला उभे, मी टाळ घेऊन सोफ्यावर. आणि विषाणूच्या आजारानंतर लगेच जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

म्हणजे काका, पाच आठवड्यांची तयारी डेंग्यूमुळे झाली असं मी लिहिलं ते अर्धसत्य होतं. डेंग्यूने दोन-तीन आठवडे खाल्ले असते. वरचे दोन माझ्या त्या दीड तासाने खाल्ले. लेखात हे गाळलं कारण लाज वाटली, आणि कारण आई हा ब्लॉग वाचते. (आई, फोन करू नकोस. मी बरी आहे.)

हौशी लोकांचा हा खास रोग आहे. बुडालेली सेशन्स 'भरून काढायची'. आम्ही नोकरी करणारे लोक एक्सेलमध्ये प्लॅन ठेवतो, झालं की रकाना हिरवा, राहिलं की लाल. लाल रकाना बघवत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाचे बहिणीच्या लग्नात दोन आठवडे गेले. ते त्याने पुढच्या दोन आठवड्यांत कोंबले आणि नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन बसला. गंमत अशी की दोन आठवड्यांच्या सुट्टीने फारसं काही बिघडत नाही. पहिल्यांदा कमी होतो तो मुख्यतः रक्तातला द्रव. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं आणि त्याच वेगाला हार्ट रेट वर दिसतो. आपल्याला वाटतं सगळं गेलं! पण ते परत येतंही लवकर. घोळ तिथेच होतो. दम लवकर परत येतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाशीने भार पेलायला शिकतात. दम म्हणतो चल, नडगी म्हणते थांब, आणि आपण दमाचं ऐकतो.

त्यामुळे १९ सप्टेंबरला, विसर्जन उरकल्यावर, मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा जुना प्लॅन उघडलाच नाही. पहिला आठवडा फक्त चालणं आणि पोहणं. नंतर सायकल, तीही ६५ किलोमीटरच्या वर नाही. धावणं सर्वांत शेवटी, सर्वांत मोठं १२ किलोमीटर. दसऱ्याला सायकलीला झेंडू वाहिले, हळदीकुंकू लावलं आणि जुन्या हायवेने कामशेतपर्यंत जाऊन आले. परत येईपर्यंत झेंडूच्या पाकळ्या चेनमध्ये. खाण्याची तालीम मात्र पुरी केली. बिया काढलेला खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे फॉइलमध्ये, दर पंधरा मिनिटांनी एक घोट, तहान असो नसो. शर्यतीत नवीन काही खायचं नाही.

मग तरी उतरायचं कशाला, हा तुमचा प्रश्न उरतोच. डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईसीजी काढला, बघितला, आणि म्हणाले, "जा, पण मेडलसाठी जाऊ नका." मी त्यातला 'जा' ऐकला असं तुम्ही म्हणाल. थोडंसं तसंही आहे. फी परत मिळणार नव्हती, रजा टाकलेली होती, आणि शेजारपाजारी सांगून झालं होतं. या तीन गोष्टींचा निर्णयात काहीच वाटा नव्हता म्हणाले तर ते खोटं ठरेल. पण जाताना एक चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या खिशात दिली होती. पोहताना छातीत काही वाटलं तर बोटीला हात करायचा. सायकलीवर दोनदा चक्कर आली तर उतरायचं. सायकल ठेवल्यावर दहा मिनिटं चालून हार्ट रेट १४०च्या खाली आला नाही तर धावायचं नाही. कुठल्याही परिस्थितीत पेनकिलर नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन किडनीवर बसते. शर्यतीच्या सकाळी ती गोळी पाकीटभर घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत.

पोहणं ४९ मिनिटांत झालं. समुद्र कोमट, त्या तापमानाला वेटसूट (थंड पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख) चालत नाही, म्हणून नुसत्या ट्रायसूटवर, म्हणजे तिन्ही टप्प्यांत चालणाऱ्या पातळ कपड्यांवर. सायकल ३ तास ५० मिनिटं. कपडे, बूट, धडपड धरून ४ तास ५३ मिनिटांनी मी धावण्याच्या रस्त्यावर होते. बारा वाजत आले होते. दहा मिनिटं चालले. घड्याळात १५८.

इथे चिठ्ठी म्हणते थांब. आणि मी धावले. नवरा कठड्याच्या पलीकडे उभा होता, त्याने खिशाला हात लावला, मी दुसरीकडे बघितलं.

हे तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, पण तुमचा टोला नेमका इथे लागला. मागच्या लेखात मी शहाणपणाने शर्यत सोडणारी बाई झाले होते. प्रत्यक्षात मी ठरवलेल्या जागेच्या चार किलोमीटर पुढे जाऊन सोडली.

आता "चालत गेला असतात तरी" याबद्दल. हिशेब तुमचा चोख आहे. सतरा किलोमीटर, तीन तास, मलाही तेच आकडे दिसत होते. चालायचंच ठरवलं होतं. पण चौथ्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलाशी बाटली डोक्यावर ओतली आणि हातावर काटा आला. भर दुपारी, गोव्यात, ऑक्टोबरमध्ये, मला थंडी वाजत होती. कोपरापाशी बघितलं तर घाम नाही, नुसती मिठाची पांढरी रेघ. उन्हात थंडी वाजणं म्हणजे उष्माघाताची चाहूल, हे हा खेळ करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यात आळस नव्हता काका. तुम्ही गेटवेच्या पाण्यात असताना शेजारच्याचे ओठ निळे पडलेले पाहिले असतील, आणि तो "मी ठीक आहे" म्हणत असेल. तसंच, फक्त उलट्या बाजूने.

टेबलामागे कॉलेजमधली एक मुलगी होती. तिने प्लास्टिकची खुर्ची सरकवली, मानेवर बर्फाची पिशवी ठेवली आणि घोट्याच्या पट्ट्यातली वेळ नोंदवणारी चिप काढायला खाली वाकली. वेल्क्रोमध्ये वाळू अडकली होती, निघेना. ती "सॉरी हां आंटी" म्हणत ओढत होती आणि मी वरून तिच्या भांगाकडे बघत होते. चिप निघाली तेव्हा चर्र असा आवाज झाला. स्वयंसेवकांवर भार पडतो म्हणालात, तो पडला, त्या मुलीवर, वीस मिनिटं. पुढे रेटलं असतं तर स्ट्रेचर उचलणाऱ्या चौघांवर पडला असता. पहिला आक्षेप आणि दुसरा आक्षेप एकमेकांशी भांडतात, एवढंच माझं म्हणणं. उतरू नका म्हणालात तर मान्य करते. उतरलात तर काहीही झालं तरी संपवा, हे नाही करत.

"आमच्या वेळी अर्धवट सोडणारा तोंड दाखवत नसे" असंही लिहिलंय तुम्ही. तुमच्या वेळचाच दाखला देते. १९७८ साली हवाईमध्ये पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. तिघांनी सोडली. दुसरा आला तो जॉन डनबार बराच वेळ पुढे होता. त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. जिंकला गॉर्डन हॅलर, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत. त्या तिघांना कोणी नावं ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. बिअरवाल्यांना मात्र अजून हसतात.

मूळ लेखात ४ सप्टेंबरचा परिच्छेद आणि चिठ्ठीची गोष्ट मी आज घातलीय, वर तारीख टाकून. तुमच्या प्रतिक्रियेमुळे, असंही लिहिलंय.

राहिला डावा हात. हे वाचून सगळ्यात जास्त राग आला होता, कारण एका फोटोवरून कोणी काय सांगणार! मंगळवारी टँकवर गेले, लेकीला काठावर बसवून मोबाईलने शूट करायला लावलं. हात डोक्यासमोरून पार उजव्या बाजूला जातोय. प्रत्येक वेळी. अकरा वर्षं पोहतेय आणि एकाही कोचने सांगितलं नव्हतं. खांद्याच्या रेषेत हात टाकायचा प्रयत्न केला तर आधी वाटलं की मी डावीकडे भिंतीत जाऊन आदळणार, पण टँकच्या तळाची काळी रेघ बरोबर पोटाखाली राहिली. पंचवीस मीटरला २४ हात लागायचे, ते गुरुवारी २२ झाले. दम लागला की परत आडवा जातो. त्यासाठी काही ड्रिल असेल तर लिहाल का? तळहाताला पॅडल (प्लास्टिकच्या पट्ट्या) लावून करू की नुसत्या हाताने?