नीरा ते आर्ची : ‘खंबीर नायिके’चा दावा तपासताना

मराठी सिनेमाला स्त्री-पुरुष समानतेचे धडे कोणी देऊ नयेत, अशा अर्थाचा एक दावा समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याची मांडणी साधारण अशी असते : १९३७च्या ‘कुंकू’पासून आपली नायिका बंडखोर आहे आणि ती परंपरा अखंड चालत आली आहे, मराठीतील सर्वाधिक चाललेले चित्रपट स्त्रीप्रधान आहेत, ‘सैराट’मधील आर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते, म्हणजे बरोबरी झालीच, आणि त्याहून वेगळ्या नायिका पडद्यावर येत नसतील तर तो प्रेक्षकांच्या आवडीचा दोष आहे. यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते सहज पटते. मात्र कथेतले निर्णायक वळण कोणाच्या हातून घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारले की चित्र बदलते.

‘कुंकू’चे थोरपण मान्यच आहे. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा फसवून लावलेले जरठ-कुमारी लग्न नाकारते आणि काकासाहेब या वयोवृद्ध वकील नवऱ्याशी संसार करण्यास ठाम नकार देते, हे त्या काळाच्या मानाने विलक्षण धाडस होते. तरीही तिची कोंडी अखेर फुटते ती नवऱ्याला झालेल्या पश्चात्तापाने आणि त्याच्या आत्महत्येने. नकार नीरेचा असला तरी सुटका काकासाहेबांच्या हातून होते, आणि चित्रपटातील सर्वांत मोठे परिवर्तनही त्यांचेच आहे. नारायण हरी आपटे यांची कथा आणि शांतारामबापूंचे दिग्दर्शन यांचे मोल याने उणावत नाही. पण ‘बंडखोर नायिका’ या दोन शब्दांत हा चित्रपट मावत नाही, एवढे खरे.

परंपरा अखंड असल्याचे म्हणणे तर अजिबात टिकत नाही. त्याच शांतारामबापूंच्या १९७२च्या ‘पिंजरा’त नर्तकी कथेच्या केंद्रस्थानी असली तरी शोकांतिका तिच्या मोहात पडलेल्या शाळामास्तरांची आहे, नर्तकी मुख्यतः त्यांच्या अधःपतनाचे निमित्त ठरते. पुढे १९८२च्या ‘उंबरठा’त जब्बार पटेल आणि स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन उभी केली. महिला सुधारगृहात काम करण्यासाठी ती घराबाहेर पडते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री असते, आणि तिथून पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय सर्वस्वी तिचा असतो. माझ्या मते या एका निर्णयाने तिने जेवढे साधले तेवढे पुढच्या अनेक ‘स्त्रीप्रधान’ चित्रपटांना जमले नाही. दशक उलटण्याच्या आत, १९९१ साली, ‘माहेरची साडी’ने गर्दीचा उच्चांक गाठला.

इथेच दुसऱ्या विधानाची गफलत कळते. ‘माहेरची साडी’ स्त्रीप्रधान होता यात वाद नाही. अलका कुबल यांची लक्ष्मी जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. परंतु तिचे सारे मोठेपण सोसण्यात आहे. नायिका पडद्यावर किती वेळ दिसते याचे मोजमाप तिच्या वाट्याला काय आले याविषयी मौनच पाळते. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५मधील चित्रमालिकेतून प्रसिद्ध झालेली कसोटीही आजकाल प्रमाणपत्रासारखी पुढे केली जाते. चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे, एवढीच तिची मागणी आहे. आमटीत मीठ जास्त झाले म्हणून सुनेला फैलावर घेणारी सासूही ती सहज उत्तीर्ण होईल.

आर्चीचे उदाहरण सर्वांत आवडीने दिले जाते आणि सर्वांत अर्धवट सांगितले जाते. बुलेट, ट्रॅक्टर, वर्गातला दरारा हे सारे पूर्वार्धातले आहे, आणि त्या बेधडकपणामागे गावच्या पाटलाची मुलगी असण्याचे बळ उभे आहे. तिला जे खपते ते त्याच गावातल्या दुसऱ्या जातीच्या मुलीला खपले असते का, हा प्रश्न नागराज मंजुळे यांच्या मांडणीतच दडलेला आहे. प्रियकर परश्याबरोबर पळून हैदराबादेत आल्यावर ते बळ संपते आणि मग खरी आर्ची दिसू लागते : झोपडपट्टीत राहणारी, कारखान्यात कामाला जाणारी, हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. याच भागात परश्या संशय घेतो आणि तिच्यावर हात उचलतो. ती त्याला सोडून निघते, पुन्हा परततेही. ज्याच्यासाठी तिने घर सोडले तो प्रेमळ मुलगाही मालकी हक्क गाजवू शकतो, हे इतक्या थेटपणे दाखवणारे लोकप्रिय मराठी चित्रपट फार थोडे आहेत. दावा करणाऱ्यांना मात्र फक्त ट्रॅक्टर आठवतो. शेवटी तर तिच्या स्वतंत्र निर्णयाची शिक्षा तिच्या माहेरची माणसे रक्ताने देतात. ‘सैराट’ थोर ठरतो तो बरोबरी न झाल्याचे निर्भीडपणे सांगितल्यामुळे. त्यालाच बरोबरीचा पुरावा म्हणणे म्हणजे चित्रपट मध्यंतरातच सोडून येण्यासारखे आहे.

प्रेक्षकांवर खापर फोडणाऱ्या शेवटच्या विधानाला उत्तर त्या दाव्यातच आहे. स्त्रीप्रधान चित्रपट सर्वाधिक चालतात असे एकीकडे म्हणायचे आणि वेगळी नायिका चालणार नाही असे दुसरीकडे, हे एकाच श्वासात शोभत नाही. २०२३च्या ‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणी नायिका होत्या, त्यांतल्या बहुतेक तारुण्य मागे टाकलेल्या, आणि बायकांनी नटूनथटून, घोळक्याने जाऊन तो पाहिला. त्यातले प्रश्न बऱ्याच अंशी मनोमीलनाने सुटतात, घरातल्या व्यवस्थेला फारसा धक्का लागत नाही, हा माझा आक्षेप कायम आहे. पण उतारवयाकडे झुकलेल्या नायिकांसाठी तिकीट काढणारा प्रेक्षक मराठीत आहे, हे त्याने सिद्ध केले. ‘सैराट’सारखा अस्वस्थ करणारा शेवट असलेला चित्रपटही याच प्रेक्षकांनी मराठीतील विक्रमी कमाईपर्यंत नेला. तेव्हा पुढची सुलभा लिहिली जात नसेल तर त्याचा जाब पटकथा निवडणाऱ्यांना आणि पैसा लावणाऱ्यांना विचारायला हवा.