वाट अरुंदच राहू द्या

हिवाळ्याची चाहूल लागली की कोयना खोऱ्याबद्दल मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘जनावर दिसेल का?’ आणि दुसरा, ‘वाट आता चांगली झाली आहे का?’ पहिला प्रश्न मी हसण्यावारी नेतो. दुसऱ्याने मात्र अलीकडे अस्वस्थ होतो, कारण ‘चांगली वाट’ म्हणताना विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे आणि चौघांना गप्पा मारत शेजारी शेजारी चालता येईल एवढी रुंदी असते, हे आता मला ठाऊक झाले आहे. बरीच वर्षे या खोऱ्यात पायी हिंडल्यानंतर माझे मत नेमके उलटे बनले आहे, आणि ते एकदा सविस्तर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे खोरे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेला बामणोलीची रांग या दोहोंच्या मधून ती सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. दक्षिणोत्तर पसरलेल्या या लांबट खोऱ्याचा तळ आज पाण्याखाली आहे. 1964 साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला की पाण्याची पातळी 2163 फुटांवर, म्हणजे सुमारे 659 मीटरवर येते, आणि त्या पाण्याच्या काठावरून वासोटा किल्ल्याचा 1171 मीटर उंचीचा माथा गाठायचा तर पाचशे मीटरांहून अधिक चढ उरतो. पुस्तकात हा आकडा किरकोळ वाटतो. एकदा चढून पाहिल्यावर तसा वाटत नाही.

हा चढ ज्या वाटेने होतो ती वाट कशी आखली आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. त्यामुळे त्याच्या उतारावर आलटून पालटून उभा कातळकडा आणि त्याखाली मातीचा सपाटसर पट्टा, ज्याला आपल्याकडे पदर म्हणतात, असे टप्पे पडलेले असतात. माती पदरावर साचते म्हणून दाट जंगल पदरावर असते, आणि कड्यावर गवताखेरीज फारसे काही टिकत नाही. जुन्या वाटेने हे सारे बरोबर हेरलेले आहे. ती पदर धरून आडवी चालत राहते, कड्याला जिथे ओढ्याने खाच पाडली आहे अशी नाळ सापडली की तिच्यातून वर चढते, आणि पुन्हा पुढचा पदर धरते. नवख्या माणसाला ती उगाच वळसे घेते असे वाटते व तो दोन वळणांच्या मधून सरळ उभा घुसतो. त्याच्या मागून आणखी दहा जण घुसतात, पावसाळ्यात त्या उभ्या घसरंडीतून पाणी धावते आणि तिसऱ्या वर्षी तिथे गुडघाभर खोल घळ झालेली असते. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे पाण्याला अशी एक मोकळी वाट दाखवणे पुरेसे असते, बाकीचे काम ते स्वतःच करते.

सिमेंटच्या पायऱ्यांचे नेमके हेच होते. या खोऱ्यात नव्हे, पण सह्याद्रीत इतरत्र मी हे अनेकदा पाहिले आहे. पायऱ्यांवर पाणी मुरत नाही, ते कडेने वाहू लागते, कडेची माती खरवडून नेते आणि काही वर्षांत पायऱ्या खालून पोकळ होऊन अधांतरी लोंबू लागतात. मग कठडा येतो, कठडा गंजतो, पुन्हा निविदा निघते. याउलट चढणीवर तिरके रोवलेले चार दगड, ज्यांच्यामुळे पाणी वाटेवरून न वाहता दरीकडच्या बाजूला फेकले जाते, ते कोणी आणि कधी रोवले हे आज सांगता येणार नाही इतके जुने असूनही जागचे हललेले नाहीत.

आता जनावरांविषयी, कारण अरुंद वाटेचा माझा हट्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू या खोऱ्यात दिसण्याची शक्यता चांगली असते, पण त्यासाठी मान वर करावी लागते. हा प्राणी जवळजवळ सगळे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढतो. त्याची घरटी उंचावर काटक्यापानांची, आणि त्याचा प्रवास फांदीवरून फांदीवर. गेल्या वर्षी डिसेंबरात मी अंजनीच्या झाडीतून चढत असताना डोक्यावर चक्-चक्-चक् असा लाकडावर ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला म्हणून थांबलो. वाटेच्या डावीकडच्या जांभळावर एक शेकरू होते, तपकिरी पाठीचे, फिकट पिवळसर पोटाचे, झुपकेदार शेपूट फांदीखाली सोडून बसलेले. दोन-तीन मिनिटे त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग ते वाट ओलांडून पलीकडे गेले. ओलांडून म्हणजे माझ्या डोक्यावरून, कारण डावीकडच्या जांभळाची फांदी आणि उजवीकडच्या हिरड्याची फांदी वाटेच्या वर एकमेकींत शिरलेल्या होत्या. वाट दीड हात रुंद होती म्हणूनच त्या शिरलेल्या होत्या. तीच वाट गाडीरस्त्याएवढी झाली असती तर वरचे छप्पर उसवले असते, आणि शेकराला एक तर लांबचा वळसा पडला असता किंवा जमिनीवर उतरावे लागले असते, जिथे त्याच्याइतका गोंधळलेला प्राणी दुसरा नसेल.

छप्पर उसवल्याचा परिणाम खालीही होतो. ऊन जमिनीवर पोचले की ओल जाते आणि जिथे कुजका पाला व बेडूक होते तिथे रानमोडीसारखी उपरी झुडपे माजतात. वाटेच्या बाजूला डोंगरउतारावर जी कारवी माणसाहून उंच माजलेली असते, साधारण सात वर्षांनी एकदाच निळीजांभळी फुलते आणि मग वाळून जाते, तिची मुळे त्या उतारावरची माती धरून ठेवतात. रुंदीकरणात सर्वात आधी कापली जाते ती तीच.

‘जनावर दिसेल का’ या प्रश्नाचेही उत्तर खरे तर वाटेतच असते. 1985 साली कोयना अभयारण्य झाले, 2010 साली चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचे नाव लागले, आणि या प्रत्येक वेळी पर्यटकांची अपेक्षा एकेक पायरी वर चढली. गवा, अस्वल, बिबट्या, सांबर, भेकर, कोळसून ही सगळी मंडळी इथे आहेत. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण हे गवताळ माळ नसून दाट सदाहरित-निमसदाहरित जंगल आहे आणि वीस पावलांवर गवा उभा असला तरी तो पानांमागे नाहीसा होऊ शकतो. पण जनावरांनाही चढउताराचा आळस असतोच, त्यामुळे माणसांनी आखलेली वाट तीही वापरतात. भुसभुशीत मातीत गव्याच्या खुराचे दुभंगलेले खोल ठसे, फोडलेले वारूळ, दगडावर मुद्दाम टाकल्यासारखी उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा हे सगळे त्या दीड हात रुंदीत लिहिलेले असते. सिमेंटवर ठसा उमटत नाही, एवढे एक कारणही मला पायऱ्यांविरुद्ध पुरेसे वाटते.

यावर एक आक्षेप दर वेळी घेतला जातो, तो असा की तुमच्यासारख्या धडधाकट माणसांनी बाकीच्यांसाठी दार बंद करायचे हा कुठला न्याय? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. खोऱ्यात आजही राहणाऱ्या वाड्यावस्त्यांना रस्ता हवा, लाँच हवी, आजारी माणूस वेळेवर खाली नेता आला पाहिजे, आणि त्याला जंगलाचे कारण सांगून विरोध करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. परंतु गावाला जाणारा रस्ता आणि गडाला जाणारी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नावाने दुसरीसाठी सहानुभूती मिळवली जाते तेव्हा मला राग येतो. ज्याला चढवत नाही त्याने बामणोलीहून लाँचने जलाशयात फेरी मारावी, पाण्यातून दिसणारे खोरे गडावरून दिसणाऱ्या खोऱ्यापेक्षा उणे नाही. प्रत्येक माथा प्रत्येकाला मिळालाच पाहिजे असे माझे माझ्या स्वतःच्या बाबतीतही म्हणणे नाही. गुडघे कुरकुरू लागले आहेत, तो दिवस मलाही फार दूर नाही.

वाटेवर काहीच करू नये असेही मी म्हणत नाही. पडलेली झाडे पावसाळ्यानंतर वेळेवर बाजूला व्हावीत, ओढा ओलांडण्याच्या जागी दगड नीट बसवावेत, नागेश्वरच्या गुहेकडे आणि वासोट्याकडे जाणाऱ्या वाटा फुटतात तसल्या प्रत्येक फाट्यावर ठसठशीत खूण असावी. हे मी स्वानुभवाने सांगतो. पूर्वेच्या रांगेवरच्या एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मी एकदा धुक्यात ढोरवाटेला पाऊलवाट समजून दोन तास भलतीकडे गेलो होतो. जांभ्या खडकाच्या उघड्या सड्यावर वाट उमटतच नाही आणि धुक्यात सगळ्या दिशा सारख्या दिसतात. एक रंगवलेला दगड पुरला असता. पावसाळ्यात गडाची वाट बंद ठेवतात आणि अंधारापूर्वी खाली उतरायला लावतात, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

मात्र एक गोष्ट मला स्वतःलाच टोचत राहते, आणि ती लिहिल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. ज्या वाटेला मी रानवाट म्हणून कौतुकाने पाहतो ती रानाने केलेली नाही. पायथ्याच्या मेट इंदवलीला लाँचमधून उतरून झाडीत शिरले की ओढ्याजवळ मारुती भेटतो, आणि थोडे इकडेतिकडे पाहिले तर घरांची जोती दिसतात. एका जोत्यावर उंबर वाढला आहे. एका ठिकाणी तुटलेल्या जात्याची तळी पालापाचोळ्यात पालथी पडली आहे. रानात आंब्याची झाडे कधी अशी ओळीने उगवत नाहीत, ती कोणीतरी लावलेली असतात. धरण झाले, पुढे अभयारण्य झाले, माणसे उठली, काही तर घाट उतरून पार रायगड-ठाण्याकडे गेली, आणि त्यांच्या मागे राहिलेली शांतता आम्ही शहरातून येऊन निसर्ग म्हणून पाहतो. गड, गाव, शेत आणि कोकणात उतरणारी घाटवाट यांच्यामध्ये डोक्यावर ओझे घेऊन रोज ये-जा करणाऱ्या पावलांनी ही रुंदी ठरवलेली आहे. ओझेवाला माणूस एकामागे एक चालतो, त्याला दीड हात पुरतात.

मागच्या खेपेला परतताना लाँच चालवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी मी वाटेचे कौतुक करत होतो. तो पाण्याकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, “ही तर वरची वाट. मोठी वाट हिच्या खाली हाय. मे महिन्यात या, पाणी उतरलं की दिसती.”

मी मे महिन्यात गेलो. पाणी बरेच खाली गेले होते आणि भेगाळलेल्या गाळात, दोन्ही कडांना दगड लावलेली, दीड हात रुंदीची एक पट्टी उतरत उतरत पाण्यात शिरत होती. तिच्यावर पाणी प्यायला आलेल्या भेकराचे ताजे ठसे होते, बरोबर मधोमध.